सहा फाशा आणि एक मोबाईल

मी मूळची मंगरूळपीरची. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे शुद्धलेखनाची बोंब आहे, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

गावाबाहेर भटक्या लोकांची पालं पडली, की आई अंगणातली भांडी आत घ्यायची. त्यांनी आमचं कधी काही चोरलं नव्हतं. तरी घ्यायची. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटलं ते नाशिकच्या खटल्याबद्दल वाचल्यावर.

५ जून २००३ ची रात्र. नाशिकजवळ पेरूच्या बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, बायकांवर अत्याचार झाले. आई आणि एक मुलगा तेवढे वाचले. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र पुन्हा सहाही जणांना फाशीच दिली! त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर सिद्ध झालं.

आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने (न्या. सिक्री, न्या. नझीर, न्या. शाह) सहाही जणांना निर्दोष सोडलं. का? तर वाचलेल्या आईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधून चार फोटो ओळखले होते. ते चौघे वेगळेच होते! त्यांच्यावर खटला चाललाच नाही. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई आणि त्या चौघांबाबत पुढील तपासाचा आदेश दिला. पण सोळा वर्षं गेली ती गेलीच.

आपण लॅबमध्ये काय करतो? उत्तर आधी ठरवतो, मग रीडिंग त्यात बसवतो. जे बसत नाही ते खोडून टाकतो. आपले फार तर दोन मार्क जातात. इथे ते चार फोटो म्हणजे न बसणारं रीडिंग होतं.

अशी बातमी टीव्हीवर लागली की मेसमध्ये सगळे ओरडतात, "लटकवा साल्यांना!" राग खरा असतो. पण चुकीचा माणूस लटकला तर खरा मोकळा राहतो. म्हणजे त्या आईवरही दुसऱ्यांदा अन्याय होतो.

इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा गेला. शिक्का कुठे गेलाय?

आता माझं सांगते. मागच्या सेमिस्टरला आमच्या रूममधून एक मोबाईल गेला. झाडू मारायला येणाऱ्या मावशी पालावर राहतात, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. सगळ्या म्हणाल्या, "तिनेच नेला." मीही मान डोलावली. मावशींची पिशवी सगळ्यांसमोर उलटी केली. आत डबा आणि कुंकवाची डबी निघाली. तीन दिवसांनी मोबाईल गादीच्या खोळीत सापडला. तोवर मावशी यायच्या बंद झाल्या होत्या.

सॉरी कुणीच म्हटलं नाही. मीसुद्धा नाही. या दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांचं पाल शोधून जाणार आहे. कोण येतंय सोबत?