अबूझ कोणास?

जुन्या नकाशांची स्तुति करतांना आमच्या सुशिक्षितांच्या वाणीस पूर येतो. जुन्या चांदा जिल्ह्याच्या पूर्वेकडील, म्हणजे १९८२ सालीं वेगळ्या झालेल्या गडचिरोलीच्या डोंगराळ मुलखाचें एखादें जुनें मोजणीपत्रक समोर पसरलें, कीं 'अज्ञात प्रदेश ज्ञात झाला' हें वाक्य ठरलेलेंच. आमचा वाद त्या 'अज्ञात' शब्दाशीं आहे.

मोजणीदारांच्या श्रमांस आम्ही उणें लेखीत नाहीं. भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीचा पाया घालणारा विल्यम लॅम्बटन १८२३ सालीं चांद्याच्या शेजारींच, हिंगणघाट येथें वारला. मोजणीचें काम त्यानें अखेरपर्यंत सोडलें नव्हतें. डोंगराचा चढउतार समोच्चरेषांनीं सपाट कागदावर उतरविणें ही सामान्य विद्या नव्हे. परंतु भामरागडास जेथें इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम या नद्या मिळतात, तेथें पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या माडियांस ते डोंगर अज्ञात होते काय? पलीकडच्या बस्तरांतील डोंगरांस 'अबूझमाड' म्हणतात. अबूझ म्हणजे न उमजलेला. हें विशेषण बाहेरच्यांच्या हिंदींतलें. आंत राहणारा आपल्याच घरास असें नांव कशाला देईल?

पत्रकावर शिखराची उंची आहे, ओढ्याचें वळण आहे. कोणत्या टेकडीवरचा मोह कोणत्या गांवानें वेंचावा, कोणत्या उतारावर पेंडा, म्हणजे फिरती शेती, करावी व मग तो उतार किती वर्षें राखावा, याची मात्र त्यावर खूणही नाहीं. एवढ्यावरून कोणी नकाशास दोष देणार नाहीं. तें त्याचें कामच नव्हतें. अनर्थ झाला तो पुढें. १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव जंगलाच्या सीमा आंखण्याचा अधिकार सरकारास दिला, आणि कागदावर जें नाहीं तें जमिनीवरही नाहीं, असें मानण्याची संवय कचेऱ्यांस जडली.

"म्हाताऱ्यांच्या आठवणी हा का पुरावा?" असें विचारणारे पंडित आजही भेटतात. त्यांनीं २००६ च्या वनहक्क कायद्याचे नियम एकवार वाचावेत. तेथें नकाशे व सरकारी दप्तर यांच्याच जोडीस गांवच्या वडीलधाऱ्यांची लेखी घेतलेली साक्ष पुरावा म्हणून धरली आहे. इतकेंच नव्हे, तर २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणें उपग्रहानें घेतलेलें चित्रसुद्धां केवळ पूरक आहे. इतर पुराव्याची जागा त्यास घेतां येत नाहीं. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या लहानशा गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तें जंगल त्या गांवास नव्यानें सांपडलें नव्हतें.

आमचें मागणें थोडें आहे. यापुढें या भागाचीं नवीं पत्रकें छापतांना ओढ्या-टेकड्यांचीं नांवें आधीं त्या त्या गांवांत बसून विचारावीं, आणि तीं गोंडी वा माडिया उच्चाराप्रमाणेंच लिहावीं.