दोरा तुटला तर?

आमच्या रेणापूर गावाला रेल्वे नाही. तालुक्यातील पानगावला स्टेशन आहे, तेवढाच काय तो आमचा रेल्वेशी संबंध. तरीही आमच्या गल्लीतील आठवीच्या एका मुलीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी विषय निवडला तो रेल्वेच्या सिग्नलचा. याला कारण माझे वडील. परळी-विकाराबाद मार्गावरील लहान लहान स्टेशनांवर त्यांनी सांधेवाला म्हणून नोकरी केली. आता संध्याकाळी ओट्यावर बसून ते गल्लीतल्या पोरांना गाड्यांच्या गोष्टी सांगत असतात.

मुलीचे वडील लातूरच्या आडत बाजारात हमाली करतात, आई खुरपणीला जाते. बाजारातून तयार मॉडेल विकत आणणे त्यांना परवडणारे नाही, आणि मुलीला ते नकोही होते. तिची अट एकच होती. "काका, नुसतं दिसून भागायचं नाही, हललं पाहिजे."

मित्रहो, ही अट वाटते तितकी साधी नाही. प्रदर्शनात आपण थर्माकोलची रंगवलेली गावे पाहतो, त्यात वीज असते पण दिवा लागत नाही, धरण असते पण पाणी अडत नाही. हलणारी वस्तू करायची म्हणजे ती का हलते हे आधी समजून घ्यावे लागते.

जुना सिग्नल म्हणजे उंच खांब आणि त्याला डाव्या अंगाला लाल हात, हातावर टोकाजवळ पांढरा पट्टा. हात आडवा असेल तर गाडीने थांबायचे. हात खाली झुकला की यायचे. आपल्याकडची माणसे 'सिग्नल पडला, गाडी आली' असे म्हणत, ते यावरूनच. हाताच्या पलीकडच्या टोकाला दोन काचा असतात, वर लाल आणि खाली हिरवी. त्यांच्या मागे एकच कंदील. हात खाली गेला की पलीकडचे टोक वर उचलले जाते आणि लाल काचेच्या जागी हिरवी काच दिव्यासमोर येते. कंदील रॉकेलचा, त्याची ज्योत पिवळी, म्हणून ती हिरवी काच मुळात निळसर असे. पिवळ्या उजेडात ती हिरवी दिसे. ही गोष्ट वडिलांनी सांगितली तेव्हा मलाही नवी होती.

आम्ही माप ठरवले ते वीस पट लहान. ७ मीटरचा खांब ३५ सेंटिमीटरचा झाला, ब्रॉडगेजच्या १६७६ मिलिमीटर रुळांचे अंतर ८ सेंटिमीटर ४ मिलिमीटर झाले, आणि फलाटावरचा माणूस साधारण ८ सेंटिमीटरचा. सगळ्या वस्तू याच मापाने, ही शिस्त मुलीने शेवटपर्यंत सोडली नाही. खांबाला सुताराकडची पट्टी, हाताला तेलाच्या डब्याचा पत्रा (कापताना हातमोजा घालावा, पत्रा बोट सोडत नाही), आसाला सायकलच्या आरीचा तुकडा. दोरा शिवणकामाचा. तो खांबाच्या बुडाशी लहान कड्यांतून ओवून फळीच्या दुसऱ्या टोकाला खटक्यापर्यंत नेला.

पहिल्या वेळी आम्ही दोऱ्याने हात वर ओढून धरला. दोरा सैल सोडला की हात स्वतःच्या वजनाने खाली पडायचा. सोपे होते, छान चालले. मुलगी ते घेऊन वडिलांकडे गेली. "आबा, बघा की."

वडिलांनी दोनदा खटका ओढून पाहिला. मग दाढीचे ब्लेड मागवले आणि काही न बोलता दोरा कापला. हात खाली पडला.

"दोरा तुटला, आणि तुझा सिग्नल गाडीला ये म्हणलालाय," ते म्हणाले. "आत दुसरी गाडी उभी असली तर?"

आम्ही दोघेही गप्प. चूक माझी होती, कारण ती रचना मी सुचवली होती. बी.कॉम. झालेला कारकून मी, मला जमाखर्च जुळवणे कळते. पण वस्तू मोडल्यावर ती कोणत्या बाजूला मोडेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता.

हा प्रश्न रेल्वेवाल्यांनी माणसे गमावून शिकला आहे. २१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडमध्ये अ‍ॅबट्स रिप्टन या ठिकाणी जोराचा बर्फ पडत होता. तेथील रिवाजाप्रमाणे सिग्नल एरवी 'या' असेच ठेवलेले असत. केबिनमधील माणसाने 'थांबा' देण्यासाठी खटका ओढला, पण हात बर्फाने खाचेतच गोठून बसला होता. मागून आलेली एक्सप्रेस पुढच्या कोळशाच्या गाडीवर आदळली आणि त्या ढिगाऱ्यावर समोरून दुसरी एक्सप्रेस येऊन धडकली. बाराहून अधिक माणसे मेली. त्यानंतर सिग्नलची नेहमीची स्थिती 'थांबा' हीच असावी, हा नियम पक्का झाला. गाडीला यायचे असेल तेव्हाच मुद्दाम हात खाली ओढायचा.

मग आम्ही सगळे उलटे केले. दोरा हात खाली ओढणार, आणि काचेच्या बाजूला वजन, म्हणजे दोरा सुटला की ते टोक खाली बसून हात आपोआप आडवा होणार. तो आडव्याच्याही वर जाऊ नये म्हणून एक खिळा आडवा मारला. वजनाला आधी एक लहान नट लावला. तो पुरला नाही. दोरा कड्यांत घासत होता आणि हात अर्ध्यावरच लटकत होता. अर्धा पडलेला सिग्नल म्हणजे तर सर्वांत वाईट, ड्रायव्हरने काय समजावे? दुसरा नट लावला, आसाला शिलाई मशीनचे तेल सोडले, कडी मोठी केली. एकंदर चार संध्याकाळी यात गेल्या. नंतर दोरा कुठेही कापा, हात वर.

दिव्याला पांढरा एलईडी आणि ९ व्होल्टची बॅटरी वापरली. एलईडी थेट जोडला तर जळतो, मध्ये ४७० ओहमचा रेझिस्टर लागतो, आणि एलईडीचा लांब पाय बॅटरीच्या धन बाजूकडे. डाग देण्याचे काम मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात तिने स्वतः शिकून केले. काचांच्या जागी सजावटीचा जिलेटीन कागद. येथे दिवा पांढरा असल्याने कागद सरळ हिरवाच घेतला.

नंतर वडिलांनी दुसरा प्रश्न टाकला. "सांधा एकीकडं अन् सिग्नल भलतीकडचा पडला तर?" स्टेशनात शिरताना एका रुळाचे दोन होतात, तेथे सांधा असतो. सांधा नीट लागल्याशिवाय सिग्नल पडताच कामा नये. इंग्लंडमधील जॉन सॅक्स्बी या मूळच्या सुताराने सांधे व सिग्नल एकत्र चालवण्याच्या रचनेचे पेटंट १८५६ मध्ये घेतले. आम्ही त्याची अगदी साधी नक्कल केली. हार्डबोर्डच्या दोन पट्ट्या एकमेकींना काटकोनात. सांध्याच्या पट्टीला खाच, सिग्नलच्या पट्टीला खिळ्याची जीभ. सांधा योग्य बाजूला असेल तरच खाच जिभेसमोर येते आणि सिग्नलचा खटका ओढता येतो. एकदा जीभ खाचेत शिरली की सांधा हलत नाही. एवढ्या दोन पट्ट्यांत केबिनमधल्या माणसाच्या विसरभोळेपणावर उपाय आहे. झोप अनावर झालेल्या रात्री याच जोडणीने आपल्याला वाचवले, असे वडील त्या दिवशी पहिल्यांदाच बोलले.

बारीकसारीक सजावट मुलांनी मिळून केली. तारेचे खांब, फलाटावरचा माठ, भांडी घासायच्या काथ्याची झाडे. स्टेशनचा पिवळा फलक आणि त्यावर काळ्या अक्षरांत नाव 'रेणापूर'. नसलेले स्टेशन त्यांनी वसवून टाकले.

या छंदाची मोठी मांडणी पाहायची असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लहान रेल्वेचे संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ रोजी ते सुरू झाले. मी ते पाहिले आहे. दालनातील उजेड कमी होऊन त्या चिमुकल्या शहराचे दिवे लागतात तेव्हा मोठी माणसेही लहान होतात. जगात हा छंद करणारे बहुतेक ८७ पट लहान मापात काम करतात, त्यांचे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. आपली ब्रॉडगेज त्या मापात १९ मिलिमीटरच्या वर जाते, म्हणून तयार रूळ जुळत नाहीत. पण १९११ मध्ये लातूरला आलेली बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी छोटी गाडी त्याच मापात पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येते, आणि ९ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. ती गाडी आता राहिली नाही. कुणा हौशी वाचकाने मनावर घेतले तर निदान टेबलावर ती पुन्हा धावेल.

प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला तो, "हे कुणी करून दिलं?" मुलगी म्हणाली, "चूक आबांनी काढली, बाकी आम्ही केलं." वडील काय करतात, हा दुसरा प्रश्न. तिने सांगितले. परीक्षक हसले. शेजारच्या टेबलावर पैसे देऊन करवून घेतलेले मॉडेल होते, ते सर्वांना माहीत होते. त्या मुलाला हे दोन्ही प्रश्न कोणी विचारले नाहीत. मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

मुलगी मात्र भांडली नाही. तिने दोरा सोडला, आस काढला, हात, नट, पट्ट्या सगळे टेबलावर मांडले, आणि बघ्यांच्या गर्दीत पुन्हा जोडून दाखवले. दहा मिनिटे लागली असतील. मग कात्री परीक्षकांपुढे धरली. "सर, कुठंही कापा." त्यांनी कापला नाही. पाचवीतल्या एका पोराने पुढे होऊन कापला. हात वर गेला, लाल दिवा लागला.

नंबर आला नाही, उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळाले. सिग्नल आता अभ्यासिकेत ठेवला आहे. लहान पोरे येता-जाता दोरा कापून बघतात, आणि मुलगी रोज संध्याकाळी नवा ओवते. रीळ आणण्याचे काम माझ्याकडे आहे.