भाषा की बोली, हे ठरवतं कोण? वेल्श आणि कँटोनीजचा हिशोब

भाषेचा विषय निघाला की आपल्याला एक ठरलेला उपदेश ऐकवला जातो. घरात बोला, मुलांशी बोला, अभिमान बाळगा, भाषा आपोआप टिकेल. म्हणजे उद्या भाषा मेली तर दोष बोलणाऱ्यांचाच! असा उपदेश करणाऱ्यांना मी दोन भाषांचा हिशोब विचारतो. एक वेल्श, दुसरी कँटोनीज.

वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेचा छोटा डोंगराळ देश. २०२१ च्या जनगणनेत तिथे वेल्श बोलता येणारे सुमारे ५ लाख ३८ हजार निघाले, म्हणजे १७.८ टक्के. कँटोनीज आणि तिच्या जवळच्या बोलींचे भाषक दक्षिण चीन, हाँगकाँग, मकाव आणि परदेश धरून आठ कोटींच्या आसपास आहेत. आता सांगा, धोक्यात कोणती? डोकी मोजणारा लगेच म्हणेल, वेल्श. पण जरा कागद तपासा. २०११ च्या कायद्याने वेल्श ही वेल्सची अधिकृत भाषा आहे. तिच्यासाठी स्वतंत्र भाषा आयुक्त आहे. सरकारी कार्यालयाने ठरलेली सेवा वेल्शमध्ये दिली नाही तर नागरिक तक्रार करतो आणि त्या कार्यालयाला दंडही होऊ शकतो. कँटोनीजच्या वाट्याला काय आलं? हाँगकाँगच्या मूलभूत कायद्यात 'चिनी भाषा' एवढाच शब्द आहे. कोणती चिनी, ते लिहिलेलंच नाही.

या न लिहिण्यातच सगळं राजकारण आहे. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या शिक्षण खात्याने आपल्या संकेतस्थळावर लिहून टाकलं की कँटोनीज ही अधिकृत भाषा नसून चिनीची एक बोली आहे. बोंब झाली, खात्याने मजकूर काढला, दिलगिरी व्यक्त केली. पण पोटातलं ओठावर आलं ते आलंच. बीजिंगच्या माणसाला कँटोनीज ऐकून कळत नाही. मँडरिनमध्ये चार सूर, कँटोनीजमध्ये सहा. हे अंतर बघून बहुतेक भाषाशास्त्रज्ञ त्यांना वेगळ्या भाषा मानतील. पण लिपी सारखी, राष्ट्र एक, म्हणून ही 'बोली'. 'बोली' हा शब्द इथे भाषाशास्त्राचा नाही, दर्जाचा आहे. वस्तीतल्या पोराच्या तोंडची मराठी वर्गात 'अशुद्ध' ठरताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

वेल्शची गतही कधीकाळी हीच होती, किंबहुना वाईट होती. १५३६ च्या कायद्याने वेल्समधल्या न्यायालयांची भाषा इंग्रजी केली आणि वेल्शच बोलणाऱ्याला सरकारी पद बंद केलं. १८४७ मध्ये लंडनहून आलेल्या तीन आयुक्तांनी वेल्समधल्या शिक्षणावर अहवाल दिला. तिघांनाही वेल्श येत नव्हतं. त्यांनी लिहिलं की ही भाषा लोकांच्या नैतिक प्रगतीच्या आड येते. वेल्श बायकांच्या चारित्र्यावरही शिंतोडे उडवले. भाषा तुच्छ, म्हणून माणसं तुच्छ! कित्येक शाळांत तर वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवत. दुसरं कोणी वेल्श बोलताना सापडलं की पाटी त्याच्या गळ्यात जाई आणि शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात ती उरेल त्याला शिक्षा. यातली चलाखी बघा. मास्तरला पहारा द्यावाच लागत नाही. मुलंच एकमेकांना पकडून देतात.

मग तिथून २०११ पर्यंत वेल्श पोहोचली कशी? केवळ प्रेमाने नाही. १९६२ मध्ये लेखक साँडर्स लुईस यांनी रेडिओवर वेल्शच्या भवितव्यावर भाषण दिलं आणि त्याच वर्षी तरुणांनी वेल्श भाषा संघटना काढली. पुढच्या फेब्रुवारीत अॅबरिस्टविथच्या पुलावर बसून त्यांनी वाहतूक अडवली. मागणी काय, तर न्यायालयाचं समन्स वेल्शमध्ये द्या. १९६५ मध्ये कॅपेल केलिन हे वेल्श बोलणारं गाव लिव्हरपूलच्या पाण्यासाठी धरणात बुडालं. वेल्सचे जवळजवळ सगळे खासदार विरोधात असूनही ते वाचलं नाही. नंतर पोरांनी इंग्रजी रस्तापाट्यांवर रंग फासला, तुरुंगात गेली, सुटून आली, पुन्हा रंग फासला. १९८० मध्ये ग्विनफोर इव्हान्स या नेत्याने वेल्श वाहिनीसाठी आमरण उपोषणाची घोषणा केली, तेव्हा थॅचरबाईंचं सरकार झुकलं. १९८२ मध्ये वाहिनी सुरू झाली.

यात 'सुटून आली' हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यांना कायदा मोडून परत घरी येता येत होतं, निवडणूक लढवता येत होती, संघटना चालू ठेवता येत होती. ग्वांगझूमध्ये २०१० च्या आशियाई खेळांपूर्वी शहराच्या टीव्हीवर मँडरिन वाढवण्याची सूचना आली, तेव्हा हजारावर लोक रस्त्यावर उतरलेच होते. कँटोनीज माणूस मुका नाही. पण त्याला पुढे पक्ष काढता येत नाही.

वेल्शचा कायदा म्हणजे जादूची कांडी, असंही मी म्हणणार नाही. २०११ च्या जनगणनेत वेल्श येणारे ५ लाख ६२ हजार होते, दहा वर्षांत ते घटले. कायदा गावातल्या पोराला गावात नोकरी देत नाही. उलट हाँगकाँगमध्ये आजही दहातले जवळजवळ नऊ जण रोज कँटोनीजच बोलतात. आणि एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. त्याच शहरात नेपाळी, पाकिस्तानी, भारतीय कुटुंबांची मुलं चिनी भाषेपायी शिक्षणात आणि नोकरीत मागे पडतात. दाबलेली भाषाही खालच्याला दाबू शकते. कँटोनीजची बाजू घेताना हे विसरलो तर आपण फक्त मालक बदलतोय.

वेल्स सरकारचं ध्येय आहे की २०५० पर्यंत दहा लाख वेल्श भाषक व्हावेत. हाँगकाँगमध्ये कँटोनीजचा प्रसार करणाऱ्या एका संस्थेने २०२० मध्ये लेखनस्पर्धा घेतली. त्यातली एक काल्पनिक कथा २०५० सालातली होती. परदेशात वाढलेला तरुण आपल्या शहराचा इतिहास शोधायला परत येतो, अशी. २०२३ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा पोलीस ती कथा संकेतस्थळावरून काढायला सांगत आले, आणि त्याच महिन्यात संस्था बंद झाली.