फुटबॉल नव्याने पाहणाऱ्यांसाठी

आंतरराष्ट्रीय फुटबॉलकडे नव्याने वळणाऱ्यांनी प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. क्लब खेळाडू विकत घेतो. देशाला तसे करता येत नाही.

2022 च्या विश्वचषकात 32 संघ होते. 2026 साठी फिफाने ते 48 केले. हा पैशाचा लोभ, असे आम्हांस वाटले होते. अजूनही काहीसे वाटते. परंतु नोव्हेंबर 2025 मध्ये सुमारे दीड लाख वस्तीच्या कुरासाव या कॅरिबियन बेटाने जमैकाला किंग्स्टन येथे 0-0 असे रोखून पात्रता मिळविली. इतक्या कमी लोकसंख्येचा संघ तेथे पूर्वी कधीच पोहोचला नव्हता.

त्यांचे बहुतेक खेळाडू मात्र जन्मले नेदरलँड्समध्ये. बेटाशी त्यांचे नाते आईवडिलांकडून वा आजीआजोबांकडून आलेले. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. परदेशी पारपत्र सोडल्याविना आपल्या संघाचे दार अशा मुलांना बंदच आहे.