दारात उभा असलेला माणूस

मी ख्रिस्ती नाही. आमचे घर वारकऱ्यांचे. आणि त्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा चित्रपटातील ख्रिस्ताविषयी मी लेखणी उचलावी, याचे वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटते! पण गेल्या वर्षी पाहिलेल्या एका जुन्या चित्रपटाने माझी झोप उडवली. त्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

तो चित्रपट म्हणजे गुरुदत्त यांचा १९५७ सालचा 'प्यासा'. महाविद्यालयात तो दाखवला तेव्हा शेजारी माझी एक ख्रिस्ती वर्गमैत्रीण बसली होती. कवी विजय मेला असे समजून त्याची पुण्यतिथी साजरी होत आहे, सभागृह तुडुंब भरले आहे, आणि तोच विजय मागच्या दारात येऊन उभा राहतो. दोन्ही हात पसरलेले, पाठीमागून प्रकाश. मैत्रीण हळूच म्हणाली, "हा कोण, ओळखलंस का?"

"विजय."

"नीट बघ. वधस्तंभ दिसत नाही?"

मग आठवले, आधीच्या एका प्रसंगात मीनाच्या हातातील 'लाइफ' मासिकाच्या मुखपृष्ठावर वधस्तंभावरचा येशूच होता. दिग्दर्शकाने खूण आधीच पेरून ठेवली होती!

आपल्याकडे चित्रपटातील ख्रिस्ती आशय म्हणजे काय, तर गळ्यातला क्रूस, मेणबत्त्या आणि झग्यातला प्रेमळ पाद्री. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त हे सारे आपण हौसेने पाहिले. त्यात वाईट काही नाही. पण तो पोशाख झाला. 'प्यासा'चा नायक ख्रिस्ती नाही, तरी त्याची कथा शुभवर्तमानाच्या जवळ जाते. मैत्रिणीने दिलेला 'नवा करार' मी वाचला आणि एकेक दुवा जुळू लागला. पेत्राने येशूला तीनदा नाकारले; विजयला त्याचा मित्र आणि सख्खे भाऊ पैशासाठी नाकारतात. उठलेल्या येशूला योहानाच्या शुभवर्तमानात प्रथम पाहते ती मग्दालिया मरीया. विजयवर अखेरपर्यंत श्रद्धा ठेवते ती बाजारात बसलेली गुलाबो. (मरीया वेश्या होती असे शास्त्रात कुठेही म्हटलेले नाही, हे मैत्रिणीने मला बजावून सांगितले.)

कोणी म्हणेल, हे ओढूनताणून आणलेले आहे. विजयच्या कविता त्याचे भाऊ रद्दीत विकतात, त्यात तुकोबांची इंद्रायणीत बुडवलेली गाथा का दिसू नये? जरूर दिसावी! मला तर आधी तीच दिसली. रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्तापाशी पोचलो असे म्हणत. दादासाहेब फाळक्यांना चित्रपटाचा ध्यास लागला तो मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहून. त्यातून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. या वाटा आपल्या पडद्यावर पहिल्यापासून एकमेकींना मिळालेल्या आहेत.

परंतु माझा मुद्दा निराळाच आहे. असा चित्रपट पाहताना आपण सारे स्वतःला विजयच्या जागी ठेवतो. जग दुष्ट, मी एकटा सोसणारा! अंधारात बसून वधस्तंभावर चढणे फार सोपे असते. पण दारातला विजय पाहतो कोणाकडे? खुर्च्यांवर बसलेल्यांकडे. म्हणजे आपल्याकडेच. त्याच्या नावाचा जयजयकार करणारा जमाव, तो 'मी विजय नव्हेच' म्हणताच खवळून उठतो. येरुशलेमेतही येशूचा जयघोष झाला आणि थोड्याच दिवसांत 'वधस्तंभावर खिळा' अशी ओरड झाली.

माझी जागा कोणती, हे मला त्या दिवशी कळले. माझे आजोबा भजनी मंडळात गात आणि स्वतः अभंग रचून एका वहीत लिहीत. अकरावीला माझी पुस्तके ठेवायला फळी रिकामी करताना ती वही मी रद्दीत घातली. किलोच्या भावाने गेली! आता आजोबा नाहीत. त्यांच्या फोटोला आम्ही दर एकादशीला हार घालतो. म्हणजे पुण्यतिथी साजरी करणाऱ्या त्या सभेत मी बसलेलो आहे. किंबहुना विजयच्या भावांच्या रांगेत.

आणि इथेच 'प्यासा' शुभवर्तमानापासून वेगळा होतो, असे माझे मत आहे. विजय सर्वांना सोडून गुलाबोसह दूर निघून जातो. त्याचा राग खरा आहे, मला तो पटतो. पण मग भावांनी काय करायचे? योहानाच्या शेवटच्या अध्यायात येशू नाकारणाऱ्या पेत्राकडेच परत येतो आणि 'माझ्यावर प्रीती करतोस का?' असे तीनदा विचारतो. जितक्या वेळा नाकारले, तितक्याच वेळा पुन्हा संधी! वधस्तंभ पडद्यावर दाखवणे सोपे. ही क्षमा दाखवणे अवघड. थोर चित्रपटालाही ती साधली नाही.

वही गेल्याचे कळले तेव्हा आजोबा क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "जाऊ दे रं. तुजी पुस्तकं नीट ऱ्हायली पायजेत." त्या वेळी मला सुटल्यासारखे वाटले होते. त्या वाक्याचा अर्थ कळायला मला 'प्यासा' पाहावा लागला, आणि तोवर आजोबा गेलेले होते.

(द्वितीय वर्ष, कला)