विश्लेषण : तलावाचे दुखणे पानावरून कळते?

नालासोपाऱ्याचा चक्रेश्वर तलाव असो वा निर्मळचा. वसई-विरारमध्ये वस्ती तलावांच्या काठापर्यंत आली आहे. सांडपाणी मिसळले की त्यातील नायट्रोजन, फॉस्फरस गाळात साचतात आणि मुळांवाटे पानांत पोहोचतात.

पान काय सांगते?
पानांतील नायट्रोजन-फॉस्फरसचे वजनी गुणोत्तर १४ पेक्षा कमी असेल, तर वाढीला नायट्रोजन अपुरा पडतो. १६ च्या वर असेल, तर फॉस्फरस. युरोपातील पाणथळींच्या अभ्यासातून १९९६ मध्ये हा ठोकताळा मांडला गेला.

धोका कोणता?
दोन्ही मुबलक झाले की जलपर्णी फोफावते आणि इतर वनस्पतींना मागे टाकते. ती काढून काठावरच टाकली, तर कुजून तीच पोषकद्रव्ये पाण्यात परततात. म्हणून ती दूर नेणे आणि सांडपाणी रोखणे, दोन्ही आवश्यक.