गळका स्टिअरिंग पाइप : डबीत ऑइल ओतणे ही काटकसर नव्हे

आपल्या व्यापारात नवी गाडी घेणारे थोडे आणि जुनी घेऊन चालवणारे जास्त. त्यात वाईट काही नाही. बँकेच्या व्याजात न अडकता रोखीने दहा-बारा वर्षांची पिकअप किंवा एखादी जुनी क्वालिस घेणे हे आपल्या उसुलाला धरूनच आहे. माझी तक्रार आहे ती गाडी घेतल्यानंतरच्या आपल्या वागण्याची.

भिवंडीत किंवा मालेगावात माल भरण्यासाठी उभ्या असलेल्या अशा गाड्यांच्या पुढच्या चाकाजवळ जरा वाकून पाहावे. तेलाचा लालसर डाग दिसेल. ड्रायव्हरच्या सीटखाली ऑइलची बाटली सापडेल. सकाळी इंजिनाजवळच्या डबीत थोडे ओतायचे, बिस्मिल्लाह म्हणायचे आणि निघायचे. महिनेच्या महिने हा प्रकार चालतो. विचारले तर उत्तर ठरलेले : "थोडंसं तर गळतंय, पाइप बदलायला कशाला पैसे घालायचे?"

हे "थोडंसं" काय असते ते पाहू. जुन्या गाड्यांचे पॉवर स्टिअरिंग तेलाच्या जोरावर चालते. इंजिनाच्या पट्ट्यावर पंप फिरतो. पंपाकडून एक पाइप स्टिअरिंगच्या पेटीला तेल देतो, त्याला प्रेशर पाइप म्हणतात. दुसरा, रिटर्न पाइप, तेच तेल डबीत परत आणतो. मोटारीच्या टायरमध्ये हवा भरतो ती 30-35 पौंड. उभ्या गाडीचे स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवले तर प्रेशर पाइपातला दाब हजार पौंडांच्या वर जातो. रिटर्न पाइपात मात्र दाब नावापुरताच, म्हणून तो साध्या क्लिपवर टिकतो.

आता कापडवाल्यांना रस वाटेल अशी गोष्ट. प्रेशर पाइप नुसता रबराचा नसतो. आत रबराची नळी, तिच्यावर नायलॉनच्या सुताची घट्ट वीण आणि वरून पुन्हा रबर. खरा दाब सोसते ती ही वीण. पंपातून तेल धक्क्याधक्क्याने येते, सूत किंचित ताणते आणि धक्का गिळते. म्हणून तर स्टिअरिंग हाताला थरथरत नाही. इंजिनाच्या उष्णतेने वर्षानुवर्षे आतले रबर कडक होते, बारीक चिरा पडतात आणि तेल सुतात शिरते. दिव्याच्या वातीत चढावे तसे ते विणीतून पुढे सरकते आणि भलतीकडेच बाहेर पडते. त्यामुळे ओल दिसते तिथेच दोष असेल असे नाही. बहुधा गळती सुरू होते ती टोकाशी, जिथे लोखंडी टोपण दाबून बसवलेले असते. तिथे टेप गुंडाळून, सोल्युशन लावून किंवा पाइप कापून मध्ये नळी घालून दोन क्लिपा आवळून काही साधत नाही. एवढ्या दाबापुढे क्लिप काय टिकणार!

ऑइल ओतत राहिल्याचा खर्च आपण वहीत लिहीत नाही, म्हणून तो दिसत नाही. डबीतले तेल कमी झाले की पंप हवा ओढतो, घरघर आवाज करतो आणि आतून झिजतो. पंपाची किंमत पाइपाच्या कितीतरी पट. गळलेले तेल पट्ट्यावर पडले तर पट्टा घसरतो. तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडले तर धूर निघतो, आगही लागू शकते, आणि मागे कापडाचे तागे भरलेले असतात. कसारा घाटात वळणावर पाइप फुटला तर चाकाची जोडणी तुटत नाही हे खरे, पण स्टिअरिंग एकदम दगडासारखे जड होते. त्या क्षणी ड्रायव्हर गोंधळला तर जबाबदार कोण? मालक. ड्रायव्हरचा जीव आपल्याकडे अमानत आहे.

तेव्हा पाइप बदलावा, बांधू नये. दोन्ही पाइप एकाच वयाचे असतात, म्हणून दोन्ही एकदमच बदलावेत. मजुरी एकदाच पडते. नवा पाइप घेताना पक्के बिल घ्यावे आणि रबर वाकवून पाहावे. दुकानात वर्षानुवर्षे पडलेला माल नवा असूनही जुनाच असतो. कंपनीचा पाइप मिळत नसेल तर मशीनवर टोपण दाबून देणाऱ्या जाणकाराकडून दाबाला योग्य असा करून घ्यावा. जोडावरचे तांब्याचे वॉशर किंवा रबरी रिंग नवीनच टाकावी. पाच-दहा रुपयांसाठी जुने वॉशर पुन्हा बसवणारे मिस्तरी मी पाहिले आहेत, आणि तसे करायला सांगणारे मालक त्यांच्याहून जास्त. ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिले असेल तेच भरावे. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको, त्याने आतली सगळी सीलं खराब होतात.

पाइप बसल्यावर हवा काढण्याचे काम घाईचे नाही. पुढची चाके जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेक वेळा फिरवावे लागते, मध्ये मध्ये डबी भरावी लागते. फेस राहिला तर आवाज राहतो. या कामाला तासभर लागला म्हणून मिस्तरीशी मजुरीवरून हुज्जत घालू नये. गॅरेजात राबणारी बहुतेक आपलीच मुले आहेत.

आता विक्रीचे. गळकी गाडी विकण्याआधी इंजिन डिझेलने धुऊन, डबी काठोकाठ भरून गिऱ्हाइकासमोर उभी करायची, ही रीत आपल्या बाजारातही शिरली आहे. याला हुशारी म्हणतात! नबी करीम (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतली ओल बाहेर काढून विक्रेत्याला जाब विचारला, हा प्रसंग आपण मुलांना शिकवतो. कापडात फॉल्ट असेल तर ताग्यावर खूण करून कमी भावाने देतो. मग गाडीचा ऐब लपवणे हलाल कसे? पाइप गळतो हे सांगावे आणि तेवढी रक्कम सौद्यातून वजा करावी, नाही तर आधी बदलून द्यावा.

घेणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवावेत. धुतलेले चकचकीत इंजिन पाहून भुलू नये. गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवावा, थंड इंजिन सुरू करावे, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवावे, पण टोकाला दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त धरू नये. चालू इंजिनात गळती हाताने चाचपू नये, बॅटरीच्या उजेडात पाहावी. मग गाडी फिरवून आणावी, पुन्हा पुठ्ठ्यावर उभी करावी आणि चहा होईपर्यंत तशीच ठेवावी. सौद्याचे बोलणे पुठ्ठा बाहेर काढल्यावर.